पापण्यांचे शल्यकर्म : काढणे थोडे, राखणे फार

डोळ्याविषयी जेवढे लिहिले-बोलले जाते, त्याच्या शतांशानेही पापणीविषयी बोलले जात नाही. वास्तविक डोळा हा घरधनी मानला, तर पापणी ही त्याच्या दारातील अष्टौप्रहर जागी असलेली राखणदार होय. जागेपणी ती मिनिटास सुमारे १५ वेळा मिटते आणि उघडते. दर मिटण्यासरशी अश्रूंचा एक पातळ थर बुबुळावर सारवते, धूळ लोटते, प्रखर उजेड अडविते. तिच्यावरील त्वचा साऱ्या शरीरात सर्वांत पातळ असून तिची जाडी एक मिलिमीटरहूनही कमी असते. अशा या नाजूक अवयवावर आज जगभर फार मोठ्या प्रमाणावर शस्त्रक्रिया होतात. सौंदर्यवर्धनासाठी होणाऱ्या शस्त्रक्रियांमध्ये तर पापण्यांच्या शस्त्रक्रियेचा क्रमांक अगदी वरचा आहे. पुष्कळदा एकाच बैठकीत दोन-तीन शस्त्रक्रिया एकत्र केल्या जातात. त्या एकत्र करणे केव्हा हिताचे आणि त्यानंतरचे दिवस कसे जातात, याची माहिती मात्र घरोघर पोहोचलेली नाही.

हा प्रश्न केवळ मुंबईच्या चित्रपटसृष्टीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. सुरतेहून मुंबईकडे निघालेली गाडी उधना आणि भेस्तान ही स्थानके मागे टाकून सचिनला येते. एके काळी हे एका छोट्या संस्थानाचे गाव होते. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेस पेशव्यांशी झालेल्या करारान्वये १७९१ मध्ये हा मुलूख मिळाला आणि १९४८ मध्ये तो मुंबई प्रांतात विलीन झाला. आज सचिनची ओळख आहे ती तेथील औद्योगिक वसाहतीमुळे. यंत्रमाग, कापड रंगविण्याचे कारखाने, हिऱ्यांना पैलू पाडण्याची कामे यांवर तेथील हजारो कुटुंबांचा चरितार्थ चालतो. तापीकाठच्या लोहमार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावकडून सुरतेच्या परिसरात येऊन स्थिरावलेली मराठी कुटुंबे त्यांत पुष्कळ आहेत. मागावरचा तुटलेला धागा हेरणे काय किंवा हिऱ्याचा पैलू न्याहाळणे काय, दोन्ही कामांत डोळ्यांवर पोट अवलंबून असते.

अशा वस्तीतील एक दांपत्य कल्पनेने डोळ्यांपुढे आणावे. पती पंचावन्नच्या घरातला, मागावर तीस वर्षे काढलेला. अलीकडे त्याला समोरचे दिसते, परंतु वरचे दिसत नाही. वरचा धागा पाहण्यासाठी तो कपाळाला आठ्या घालून भुवया उचलून धरतो आणि सायंकाळी त्याचे कपाळ ठणकू लागते. पत्नी पन्नाशीची, तिच्या डोळ्यांखाली पिशव्यांसारखे फुगवटे आले आहेत. ती पुरेशी झोपलेली असली, तरी भेटणारा प्रत्येक जण "बरं नाही का?" असे विचारतो. मुलाचे लग्न आखाजीच्या सुमारास करावयाचे घाटते आहे आणि त्या वेळी आपण आजारी दिसू नये, एवढीच तिची इच्छा आहे. पतीची गरज दृष्टीची, तर पत्नीची रूपाची. शस्त्रक्रिया एकाच अवयवावरची असली, तरी दोघांचे प्रश्न भिन्न आहेत.

पतीच्या पापण्या खाली येण्याची तीन कारणे संभवतात. पहिले कारण त्वचेचे. वयपरत्वे पापणीवरील त्वचा सैल होते आणि तिची घडी केसांवर पडद्यासारखी लोंबू लागते. दुसरे कारण स्नायूचे. वरची पापणी उचलणाऱ्या स्नायूचा पातळ पदर वाढत्या वयाने ताणला जातो किंवा सुटतो. मग त्वचा सैल नसली, तरी पापणीची कडच खाली उतरते. निरोगी डोळ्यात ही कड बुबुळाचा वरचा एक-दोन मिलिमीटर भाग झाकते. ती बाहुलीपर्यंत आली, की दृष्टी अडते. तिसरे कारण भुवईचे. भुवईच खाली घसरली, तर तिच्याबरोबर पापणीची त्वचाही खाली येते. कित्येकांच्या ठिकाणी ही तिन्ही कारणे एकत्र नांदत असतात, आणि म्हणूनच शस्त्रक्रियाही एकत्र करण्याचा विचार पुढे येतो. कारण न ओळखता नुसती त्वचा कापली, तर पापणीची कड होती तेथेच राहते. रुग्णाचा पैसा जातो, मजुरी बुडते आणि वरचा धागा पूर्वीप्रमाणेच अदृश्य राहतो.

पत्नीच्या डोळ्यांखालचे फुगवटे निराळ्या कारणाने येतात. डोळ्याच्या खोबणीत नेत्रगोलाभोवती मेदाची मऊ गादी असते. तिला आत धरून ठेवणारा पडदा सैल पडला, की ती पुढे डोकावू लागते. वरच्या पापणीत या मेदाचे दोन कप्पे असतात व खालच्या पापणीत तीन. पूर्वी हा मेद सढळ हाताने काढून टाकीत. त्यामुळे काही वर्षांनी डोळे खोल गेल्यासारखे व वृद्ध दिसू लागत. आता मेद शक्य तेवढा राखून तो गालाच्या कडेवरील खळगीत पसरून बसविण्याकडे कल आहे. पुष्कळदा हे काम पापणीच्या आतील ओल्या अस्तरातून केले जाते, म्हणजे बाहेर व्रण दिसत नाही. खालची पापणी सैल असेल, तर डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी तिला ताण देणारा टाका त्याच वेळी घालतात.

काढण्यापेक्षा राखण्याचे महत्त्व अधिक, ही दृष्टी नवीन मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीचे केस आत वळून बुबुळास टोचू लागल्यावर करावयाचे शल्यकर्म सांगितले आहे. भुवईखालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग सोडून मधल्या जागेतून जवाच्या दाण्याच्या आकाराची त्वचा कापावी, केसाने टाके घालावेत, मध व तूप लावावे, असे ते वर्णन आहे. त्यात किती कापावे याच्या आधी किती सोडावे हे सांगितले आहे. आजचा शल्यविशारदही शस्त्र हाती घेण्यापूर्वी बारीक लेखणीने पापणीवर रेघा आखतो आणि भुवई व पापणीचे केस यांच्या दरम्यान साधारण २० मिलिमीटर त्वचा शिल्लक राहील याची खात्री करून घेतो. ती राहिली नाही, तर डोळा पुरता मिटत नाही.

मराठी मुलखाचाही या विद्येशी संबंध आहे. सचिन संस्थान जन्मास आल्यानंतर दोन-तीन वर्षांतच पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक कपाळावरील त्वचेने नव्याने घडविण्यात आले. ती हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात चित्रासह छापली गेली आणि युरोपातील शल्यविशारद या मार्गास लागले. त्यांपैकी जर्मनीतील कार्ल फॉन ग्रेफे यांनी १८१८ मध्ये पापणी नव्याने घडविण्याच्या क्रियेस 'ब्लेफरोप्लास्टी' हे नाव दिले. तेव्हा तो शब्द रूपासाठी नव्हता. रोगाने नष्ट झालेली पापणी पुन्हा उभी करण्यासाठी होता. भारतातही पापणीची शस्त्रक्रिया दीर्घकाळ खुपऱ्यांच्या रोग्यांसाठीच होत असे. गुजरात, राजस्थान, पंजाब या कोरड्या प्रदेशांत खुपऱ्यांनी पापण्या आत वळत आणि केसांच्या घर्षणाने बुबुळे पांढरी पडत. खुपऱ्यांची ही सार्वजनिक आपत्ती भारतातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. ज्या कर्माने पिढ्यान्‌पिढ्या अंधत्व टाळले, तेच आज रूपासाठीही उपयोगात येत आहे. परंतु त्याचा पहिला धर्म डोळ्याचे रक्षण हाच राहिला पाहिजे.

शस्त्रक्रिया एकत्र करण्याचे लाभ उघड आहेत. भूल एकदाच द्यावी लागते, शल्यगृहाचा खर्च एकदाच होतो आणि कामावरील खाडेही एकदाच पडतात. शिवाय पापण्या आणि भुवया हे एकमेकांवर अवलंबून असलेले अवयव असल्यामुळे एकाच वेळी पाहिले, तर त्यांचा मेळ नीट बसतो. क्रम मात्र चुकता कामा नये. भुवई उचलावयाची असेल, तर ती आधी. कारण ती उचलल्यावर पापणीची सैल त्वचा किती उरते हे मगच कळते. त्यानंतर वरची पापणी व तिचा स्नायू, आणि शेवटी खालची पापणी. स्नायूचे काम चालू असताना बहुधा जागा बधिर करून रुग्णास जागे ठेवतात. त्यास डोळे उघडावयास व मिटावयास सांगून दोन्ही कडा सारख्या उंचीवर आल्या की नाही हे पाहता येते. येथे निसर्गाची एक गंमत आहे. दोन्ही पापण्यांना मेंदूकडून सारखीच आज्ञा जाते. एक पापणी फार पडलेली असली, तर मेंदू दोघींनाही अधिक जोराने वर ओढतो. मग पडलेली पापणी दुरुस्त केली, की तोपर्यंत निर्दोष वाटणारी दुसरी खाली येते. म्हणून शहाणा शल्यविशारद आधीच एक पापणी बोटाने उचलून दुसरीकडे पाहतो.

वरच्या दोन पापण्यांच्या त्वचेचे काम सुमारे तासाभरात होते. चारही पापण्यांचे काम दोन-तीन तास चालते. परंतु जे एकत्र करता येते, ते प्रत्येकाच्या बाबतीत एकत्र करावेच असे नाही. ज्याच्या डोळ्यांत मुळातच अश्रू कमी, त्याच्या वरच्या आणि खालच्या पापण्या एकदम आखूड केल्या, तर डोळा उघडा पडून बुबुळास इजा होते. यास्तव आधी पापणीत कागदाची बारीक पट्टी पाच मिनिटे ठेवून अश्रूंचे मोजमाप करतात. रंगाच्या वाफेत अथवा धुळीत काम करणाऱ्याने ही चाचणी टाळू नये. गलग्रंथीच्या विकाराने डोळे पुढे आलेल्यांनी तो विकार शांत होईपर्यंत थांबावे. मधुमेह व रक्तदाब आधी आटोक्यात आणावा. बिडी, तंबाखू शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून बंद ठेवावी, कारण तिने जखम भरण्यास विलंब लागतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने ते शल्यविशारदास सांगितलेच पाहिजे. मात्र हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून त्या परस्पर बंद करू नयेत.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक पडलेली पापणी वयाचीच असते असे नाही. एका बाजूची पापणी अकस्मात पडली, सोबत एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, बाहुली मोठी झाली किंवा असह्य डोकेदुखी सुरू झाली, तर ते मेंदूतील गंभीर विकाराचे लक्षण असू शकते; त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. सकाळी ठीक आणि संध्याकाळी पडणारी पापणी स्नायूंच्या एका विशिष्ट दुर्बलतेची सूचक असू शकते. मोतीबिंदूने अंधुक दिसत असेल, तर पापणी कापून उजेड पडणार नाही. पापणीमुळे वरची दृष्टी किती अडते, हे दृष्टिक्षेत्राच्या तपासणीने मोजता येते. ही नोंद पतीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे, कारण केवळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्यविमा सामान्यतः देत नाही. दृष्टी अडल्याचे प्रमाण असेल, तर मागणीस आधार मिळतो.

आता शस्त्रक्रियेनंतरचे दिवस. पहिल्या दिवशी मलमामुळे अंधुक दिसते. पापण्या जड वाटतात, टाके किंचित चुरचुरतात. वेदना साध्या गोळीने शमण्याइतपत असते. पहिले ४८ तास जागेपणी दर तासाला दहा-पंधरा मिनिटे स्वच्छ कापडातून थंड घडी हलक्या हाताने ठेवावी. बर्फ उघडा लावू नये. उशा दोन घ्याव्यात, उताणे निजावे. वाकणे, जड उचलणे, कुंथणे, जोराने शिंकरणे टाळावे, कारण त्याने डोक्याकडील रक्ताचा दाब वाढतो. डोळा चोळू नये. काजळ, सुरमा, गुलाबपाणी, दुधाची घडी असे घरगुती उपचार जखमेवर करू नयेत. सुश्रुताने मध-तूप सांगितले खरे, पण आज त्यांची जागा डॉक्टरांनी दिलेल्या निर्जंतुक मलमाने घेतली आहे.

दुसरा व तिसरा दिवस मनाची परीक्षा पाहणारे असतात. सूज या वेळी सर्वाधिक असते. डोळ्यांभोवतीचे काळे-निळे डाग गुरुत्वाकर्षणाने गालापर्यंत उतरतात. चार पापण्यांचे काम झाले असेल, तर आरशातील चेहरा ओळखू येत नाही आणि शेजारीण "कशाला हे आरंभलंस?" असे म्हणून जाते. या दिवसांत आरशाचा निकाल मानू नये. पाचव्या ते सातव्या दिवशी टाके काढतात. डाग जांभळ्याचे हिरवट आणि हिरवटाचे पिवळे होत दहा ते चौदा दिवसांत मावळतात. सुरुवातीस रात्री डोळा किंचित उघडा राहणे, पाणी येणे, उजेड सहन न होणे हे प्रकार संभवतात. थेंब व झोपतानाचे मलम नेमाने वापरले, की ते बहुधा कमी होतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर पाण्याचा फुगा आल्यासारखी सूज कधीकधी काही आठवडे रेंगाळते. ती दिसल्यास डॉक्टरांस दाखवावी.

बैठे काम करणारा सात ते दहा दिवसांत कामावर परतू शकतो. मागावर वाकून उभे राहणाऱ्याने, धूळ, उष्णता आणि वाफ यांत वावरणाऱ्याने किंवा ओझी उचलणाऱ्याने दोन ते तीन आठवडे थांबणे शहाणपणाचे. बाहेर पडताना काळा चष्मा व टोपी वापरावी, कारण कोवळा व्रण उन्हाने काळवंडतो. पहिल्या महिन्यात व्रणाची रेघ गुलाबी व थोडी कठीण असते. ती तीन ते सहा महिन्यांत मऊ होऊन पापणीच्या घडीत लपते. दोन्ही बाजूंत थोडा फरक सुरुवातीला असतोच. दुरुस्तीचा विचार करावयाचा झाला, तरी तो सूज पूर्ण उतरल्यावर, काही महिन्यांनी करावयाचा. राहिलेली थोडी त्वचा पुढे काढता येते. काढलेली परत आणणे मात्र अवघड. वरच्या पापणीतून अधिक त्वचा गेली, तर डोळा मिटत नाही. खालच्या पापणीतून अधिक गेली, तर ती खाली ओढली जाऊन बुबुळाखालचा पांढरा भाग उघडा पडतो आणि डोळ्यास सारखी धार लागते.

या साऱ्या दिवसांत एक संकट विरळ असले, तरी घरातील प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. डोळ्यामागे रक्तस्राव होऊन खोबणीतील दाब वाढला, तर दृष्टीची नस गुदमरते. असा रक्तस्राव सुमारे दोन हजार रुग्णांत एखाद्यास होतो, आणि त्यातून दृष्टी कायमची जाणे त्याहूनही पुष्कळ विरळ. परंतु तेथे वेळेला फार मोल असते. एका डोळ्यात एकाएकी तीव्र ठणका, पापणी दगडासारखी टणक होणे, डोळा पुढे येणे, दृष्टी मंदावणे, न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. टाके तत्काळ उघडून दाब कमी केल्यास दृष्टी वाचू शकते. हा धोका मुख्यत्वे पहिल्या दिवस-रात्रीचा असला, तरी पहिला आठवडाभर सावध राहावे. झोपण्यापूर्वी मलम पुसून एकेका डोळ्याने घड्याळ वाचून पाहावे. ही साधी परीक्षा घरातील लहान मूलही घेऊ शकेल.

येथेच सचिनमधील त्या दांपत्याचा खरा पेच उभा राहतो. सुरतेकडील यंत्रमाग आणि हिऱ्यांचे कारखाने दिवाळीत काही दिवस बंद राहतात. त्यामुळे सुटीच्या पहिल्या दिवशी शस्त्रक्रिया उरकावी आणि दुसऱ्याच दिवशी उधन्याहून खानदेशची गाडी धरावी, असा मोह होतो. खाडे होत नाहीत, गावही होते. पण गर्दीच्या डब्यात सामान उचलीत, रात्रभर अवघडून केलेला तो प्रवास नेमका धोक्याच्या काळात होतो. आणि आडगावी मध्यरात्री डोळा ठणकू लागला, तर टाका उघडणारा हात तेथे मिळेलच असे नाही. सुरतेत सरकारी नवी सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर यांसारखी मोठी रुग्णालये आहेत. टाके निघेपर्यंतचा आठवडा त्यांच्या आवाक्यात आणि आपल्या शल्यविशारदाच्या नजरेखाली काढावा, गाव त्यानंतर गाठावे. दोघांनी एकाच दिवशी शस्त्रक्रिया करवून घेऊ नये, हेही ओघानेच आले. एकाचे डोळे मिटलेले असताना दुसऱ्याचे उघडे हवेत. थेंब कोणी घालावे, चूल कोणी पेटवावी आणि रात्री घड्याळ कोणी दाखवावे, याची व्यवस्था औषधाइतकीच आवश्यक आहे. दिवाळी ते आखाजी यांच्या दरम्यान सुमारे सहा महिन्यांचे अंतर असते. दिवाळीत पतीचे आणि त्याला बरे वाटल्यावर काही आठवड्यांनी पत्नीचे काम झाले, तरी लग्नाच्या मांडवात दोघांचेही व्रण निवळलेले असतील.

पत्नीची इच्छा क्षुल्लक आणि पतीची तेवढी खरी, असा भेद मात्र कोणी करू नये. जन्मभर कष्टलेल्या मनुष्यास आपला चेहरा थकलेला दिसू नये असे वाटले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. मात्र शस्त्रक्रिया डोळ्यांखालची पिशवी उतरवील, संसारातील चिंता उतरविणार नाही. तिने वय थोडे मागे सरल्यासारखे दिसेल, परंतु ते थांबणार नाही. ही मर्यादा आधी मान्य करणाऱ्यास नंतर समाधान लाभते.

शल्यविशारदाकडे गेल्यावर "किती काढणार?" असे विचारण्याची रीत आहे. त्याऐवजी "किती ठेवणार?" असे विचारावे. शस्त्रक्रियेनंतरही राखणदाराला आपल्या दारावर पूर्ववत उभे राहता आले पाहिजे. वरचा धागा दिसू लागला आणि रात्री डोळा पुरता मिटून शांत झोप लागली, म्हणजे ते शल्यकर्म सफल झाले असे समजावे.